पन्नास नव्हे, बावन्न

सक्करदरा, नागपूर
८ जुलै १९७४

ती. नत्थूमामाजी,

पुष्पलताचा नमस्कार. अक्षर ओळखीचं वाटणार नाही, म्हणून आधीच सांगते : मी तुमच्या चुलतबहिणीची, भागीरथाची, थोरली मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत ते धाकट्या मावशीच्या लग्नात. मी पंगतीत बसून मोठमोठ्याने पाढे म्हणत होते आणि तुम्ही एकोणतिसाचा विचारून मला गप्प केलंत. तो राग मी अजून सोडलेला नाही.

सध्या इथल्या एका कॉलेजच्या गणित विभागात पीएच.डी. करते. आपल्या भागात गणिती भौतिकशास्त्रात कोणी काय काम केलं, हा माझा विषय. गणितवाले म्हणतात हा इतिहास आहे, इतिहासवाले म्हणतात हे गणित आहे, आणि आई म्हणते हे लग्न टाळायचं निमित्त आहे. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे.

प्रबंधातलं सगळ्यात मोठं प्रकरण डॉ. वामनरावांवर आहे. ते आमच्या विभागाचे जुने प्रमुख. येत्या जानेवारीत त्यांची पंचाहत्तरी आहे, गौरवग्रंथ निघतो आहे आणि त्यात माझं हेच प्रकरण जायचं आहे. माझे मार्गदर्शक डॉ. कृष्णकांत हे वामनरावांचेच विद्यार्थी, त्यामुळे उत्साह विचारू नका. वामनरावांची कीर्ती आहे ती १९४४च्या एका निबंधावर. पन्नास दोऱ्या शेजारी शेजारी ताणून बसवल्या, एकमेकींना बांधल्या आणि एकीला टिचकी मारली, तर थरथर सगळ्या रांगेत कशी पसरेल, याचं ते गणित. त्यात त्यांनी दोन्ही टोकांची दोरी दुप्पट जड धरली आहे. बाहेरच्या देशांतल्या पुस्तकांतसुद्धा याला ‘वामनराव-अट’ म्हणतात. ती का घातली, असं विचारलं की ते म्हणतात, "गणिताच्या सोयीसाठी." मामाजी, मी चार वेळा करून पाहिलं. त्या अटीने गणित सोपं होत नाही, भलतंच किचकट होतं.

आता तुम्हाला पत्र का? विभागाच्या जुन्या रजिस्टरात एम.एस्सी.च्या वर्गात, १९४१ ते ४३, ‘नत्थू हेडाऊ, उमरेड’ असं नाव दिसलं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "आपला नत्थू व्हय तो. मास्तर झाला अन् मागही सोडला नाही त्यानं." मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं! गौरवग्रंथासाठी वामनरावांच्या चार आठवणी लिहून पाठवाल का?

तुमची,
पुष्पलता

*

उमरेड
१९ जुलै १९७४

चि. पुष्पलता,

पत्र पावलं. एकोणतिसाचा पाढा आता येत असावा असं धरून चालतो.

आठवणी लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. वामनराव शिकवायचे चांगलं, फळ्यावर अक्षर मोत्यासारखं. मी पावणेदोन वर्षं होतो, परीक्षा दिली नाही. वडील वारले, परत आलो. इथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवतो, रविवारी मागावर बसतो. तुझ्या मामीचं म्हणणं, दोन्हीकडे मी सारखाच चिडका आहे.

तुझ्या प्रकरणात दोऱ्यांच्या त्या अटीवर फार शाई खर्च करू नकोस. बावन्न दोऱ्यांचं ते काम, त्या काळाच्या मानाने ठीक होतं. त्यावर पुढे पुष्कळांनी चांगलं केलं असेल. वामनरावांचा स्वभाव, शिस्त, शिष्यवर्ग यावर लिही, गौरवग्रंथात लोक तेच वाचतात.

भागीरथाला नमस्कार. तिचा माग चालू आहे का, ते कळव.

नत्थूमामा

*

सक्करदरा, नागपूर
२४ जुलै १९७४

ती. मामाजी,

आईचा माग चालू आहे, आणि त्यानेच माझी झोप उडवली आहे.

तुम्ही लिहिलंत, ‘बावन्न दोऱ्यांचं काम’. मी हसले. म्हटलं, मामाजी म्हातारे झाले. निबंधात पहिल्याच ओळीत पन्नास आहे, मी तुम्हाला पन्नासच लिहिलं होतं. मग आठवलं की छापील तक्त्याखाली एके ठिकाणी खरोखरच बावन्न आहे, आणि १९४६ मध्ये वामनरावांनी शुद्धिपत्र काढून ‘बावन्नच्या जागी पन्नास वाचावे’ असं कळवलं होतं. छपाईची चूक म्हणून आम्ही सगळ्यांनी ती पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवली आहे. पण छपाईची चूक तीस वर्षांनी उमरेडला बसून तुम्हाला कशी आठवते?

परवा आई नव्या लुगड्याच्या ताण्याच्या उभ्या तारा फणीतून भरत होती. फणीच्या एकेका घरातून एकेक तार. मी जवळ बसून हीच कटकट करत होते. कडेच्या घराशी आल्यावर तिने दोन तार एकदम ओढल्या. मी म्हटलं, "आई, चुकलीस." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं शिकून वाया गेले.

"कडंच्या घरात दोन तार भरा लागते वं," म्हणाली, "नाही तं कड फाटते न बाई. एवढंही नाही माहीत तुले?"

सत्तावीस वर्षं या मागाच्या खोलीत वाढले मी. शाळेत कोणी ‘तुझ्या घरी काय करतात’ विचारलं की विषय बदलायचे. कडेला किती तार असतात हे कधी पाहिलंच नाही, आणि आज त्याची लाज वाटते.

मग बसून हिशोब केला. अठ्ठेचाळीस साध्या दोऱ्या आणि टोकांच्या दोन दुप्पट जड, म्हणजे वजन बावन्न दोऱ्यांचं. भागायचं बावन्ननेच! तक्ता बरोबर होता, मामाजी. शुद्धिपत्र चूक आहे. ज्याने निबंध लिहिला त्याला हे ठाऊक असणारच. ज्याने शुद्धिपत्र काढलं त्याला ठाऊक नव्हतं.

आता सरळ विचारते. तो निबंध कोणाचा?

पुष्पलता

*

उमरेड
१५ ऑगस्ट १९७४

चि. पुष्पलता,

माझा.

तीन आठवडे हा एक शब्द लिहायला लागले. आता बाकीचं एका दमात सांगतो आणि त्यानंतर हा विषय बंद.

१९४३च्या मार्चमध्ये मी वामनरावांना एक वही तपासायला दिली. एप्रिलमध्ये वडील गेले. मागावर अर्धं लुगडं तसंच होतं, ते कोणीतरी पुरं करायला हवं होतं. मी बसलो तो उठलोच नाही. पुढच्या वर्षाअखेर निबंध छापून आला, त्यांच्या एकट्याच्या नावाने. कोणा वर्गमित्राने अंक पाठवला तेव्हा कळलं. मी नागपूरला गेलो. त्यांनी बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "नत्थू, एम.एस्सी. पुरं न केलेल्याचं नाव कोणी छापत नाही. शिवाय भाषा तर माझीच आहे ना?" भाषा त्यांची होती हे खरं. माझं इंग्रजी बेताचं. मी चहा पिऊन परत आलो. त्या चहाची चीड मला अजून येते. त्यांची नव्हे, माझी, की मी तो प्यालो.

कडेला दोन तार का, हे मी वहीत लिहिलं नव्हतं. आपल्या घरात ते कोणी कोणाला सांगतं का? दोऱ्यांची रांग म्हटली की कड दुहेरी, त्यात समजावण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. तिथेच मी चुकलो. एक ओळ लिहिली असती तर त्यांना ती वही पचली नसती.

वही त्यांच्याकडेच राहिली. माझ्याजवळ कागदाचा कपटाही नाही. तुझ्याजवळ आहे तो आईचा एक माग आणि तुझा तर्क, आणि समोर आहे तुझ्या प्रबंधावरची सही अडवू शकणारा माणूस. माझं जे गेलं ते गेलं. तुझं जाऊ देऊ नकोस. ती पानं काढून टाक.

नत्थूमामा

*

सक्करदरा, नागपूर
६ ऑक्टोबर १९७४

ती. मामाजी,

पानं काढली नाहीत. उलट तीन वाढवली आणि डॉ. कृष्णकांतांच्या टेबलावर ठेवली.

त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माणूस वाईट नाही, फक्त वाकायची सवय आहे. म्हणाले, "गणित बरोबर दिसतंय तुमचं. पण हे जाणार नाही." मी विचारलं, गणित बरोबर असेल तर जाणार का नाही? त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. शेवटी म्हणाले, सरांना भेटून घ्या.

तेव्हा वामनरावांच्या बंगल्यावर गेले. मलाही चहा आला. मी घेतला नाही. त्यांनी विचारलं, "कोण आहे हा हेडाऊ? बरेच विद्यार्थी येऊन गेले."

"सर, टोकाची दोरी दुप्पट का धरली?"

"सांगितलं ना, सोयीसाठी."

"सोय कोणाची, सर?"

एवढं बोलले आणि माझेच कान तापले. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "मुली, घरी माग आहे म्हणून सगळीकडे माग दिसतो तुला." गौरवग्रंथातून माझं प्रकरण गेलं. प्रबंधातून ती पानं काढीपर्यंत सही मिळणार नाही, असंही कळलं.

मामाजी, मला आता फक्त दोन ओळी हव्यात. ‘हे काम मी केलं’ आणि खाली तुमची सही. कागद नाही म्हणता, पण तुम्ही तर आहात! माझ्या तर्काला ते हसतील, तुम्हाला कसे हसतील?

पुष्पलता

*

सक्करदरा, नागपूर
२ डिसेंबर १९७४

नत्थूमामाजी,

दोन महिने झाले, दोन ओळी आल्या नाहीत. उमरेड काही काळ्या पाण्याला नाही, तेव्हा पत्र हरवलं असं म्हणायची सोय मी तुम्हाला देत नाही.

तुम्ही घाबरता आहात. तीस वर्षांपूर्वी घाबरलात ते मी समजू शकते, घरात मयत झालेली, मागावर लुगडं अर्धं. आज कशाला घाबरता? तुमची नोकरी जाणार नाही, पदवी जाणार नाही, जाणार असेल तर ती माझी जाईल. आणि ती जाऊ द्यायला मी तयार आहे. तुम्ही मला ‘पानं काढून टाक’ लिहिलंत तेव्हा वाटलं की काळजीपोटी. आता वाटतं, चहाचा तो पेला अजून तुमच्या हातातच आहे.

आईने हे पत्र पाहिलं तर मारेल मला. मारू दे. जबलपूरला एक प्राध्यापक आहेत, त्यांनी माझं काम पाहायचं कबूल केलं आहे. दहा जानेवारीला तिकडे जाते. वामनरावांचा सत्कार बाराला आहे, त्या दिवशी मी या गावात नसलेलीच बरी. तुमच्या सहीशिवाय मी लढेन. पण इथून पुढे तुमच्याकडे काही मागणार नाही.

पुष्पलता

*

उमरेड
संक्रांत, १४ जानेवारी १९७५

चि. पुष्पलता,

तिळगूळ तुझ्या घरी ठेवला आहे, गोड बोलण्याची सक्ती नाही.

तू म्हणालीस ते निम्मं बरोबर आहे. घाबरलो होतो. पण दोन महिने पत्र लिहिलं नाही ते त्यामुळे नव्हे. दोन ओळींची सही देऊन काय झालं असतं? ते म्हणाले असते, म्हातारा मास्तर भाचीसाठी खोटं बोलतो. मला आधी पाहायचं होतं की ते गणित मला आजही येतं का. येत नसेल तर ते माझं नाही, असं मी स्वतःशी ठरवलं. ऑक्टोबरपासून रोज शाळेतून आलो की बसत होतो. पहिला महिना काही जमलं नाही. तुझी मामी, कुसुम, एक दिवस म्हणाली, "जेवता जेवता ताटात आकडे लिहून राहिले तुम्ही. वरणात बोट बुडवून कोणी गणित करते का?" डिसेंबरात तुझं पत्र आलं. वाचून ताट बाजूला सारलं आणि त्या आठवड्यात तक्ता पुरा झाला. तेव्हा रागाबद्दल माफी मागू नकोस, तो उपयोगी पडला.

रविवारी, सत्काराच्या दिवशी, सकाळच्या छोट्या गाडीने निघालो, इतवारी स्टेशनला उतरून कॉलेजात गेलो. हॉल भरलेला. मला कोणी ओळखलं नाही, धोतर-कोट पाहून एकाने स्वयंपाक्यांकडची वाट दाखवली. मी शेवटच्या रांगेत बसलो. कृष्णकांतांनी निबंधावर व्याख्यान दिलं, फळ्यावर तक्ता लिहिला, खाली लिहिलं पन्नास. मग विचारलं, कोणाला काही शंका?

मी उठलो. शुद्ध भाषेत बोलायचं ठरवून गेलो होतो. तोंडून निघालं, "मले एक इचारायचं हाये. पन्नास काहून? कडंच्या दोन दोऱ्या दुप्पट जड हायेत नं?"

हशा झाला. मी फळ्यापाशी गेलो. कृष्णकांतांच्या हातून खडू घेतला, त्यांनी तो दिला हे त्यांच्या बाजूने लिहून ठेव. पन्नासने भागून दाखवलं, छापलेला आकडा येत नाही. बावन्नने भागलं, आला. मग तक्त्याची पुढची ओळ लिहिली, जी छापील निबंधात नाहीच, कारण १९४३च्या मार्चमध्ये मी तिथेच थांबलो होतो. समोरच्या खुर्चीत वामनराव होते, गळ्यात हार. फार थकले आहेत. म्हणाले, "नत्थू, बस आता."

नाव आठवलं बघ त्यांना. बरेच विद्यार्थी येऊन गेले म्हणत होते.

मी म्हटलं, "तीस वर्सं बसलोच होतो, सर."

खडू दिल्यावर कृष्णकांत बाजूला बसून माझी ओळ वहीत करून पाहत होते. ते उठून म्हणाले, "सर, बावन्नच येतात." वामनरावांकडे पाहून मला आनंद होईल असं वाटलं होतं. झाला नाही. पण वाईटही वाटलं नाही.

चहा होता. घेतला नाही. सक्करदऱ्याला भागीरथाकडे जाऊन घेतला, दोन पेले.

नत्थूमामा

*

जबलपूर
३ फेब्रुवारी १९७५

ती. मामाजी,

तुमचं पत्र आईने इकडे पाठवलं. वसतिगृहाच्या पायरीवर बसून वाचलं आणि इतकी मोठ्याने रडले की शेजारच्या खोलीतल्या मुलीला वाटलं, घरी कोणी गेलं. तिला म्हटलं, नाही गं, घरी कोणीतरी आलं आहे.

मी तुम्हाला भित्रा म्हटलं. माफी मागू नकोस म्हणता, म्हणून मागत नाही. पण पुन्हा भेटाल तेव्हा एकोणतिसाचा पाढा म्हणून दाखवेन, उभी राहून.

डॉ. कृष्णकांतांचं पत्र आलं. सही करायला तयार आहेत. अट एकच, ‘श्री. हेडाऊ यांचे सहकार्य लाभले’ एवढंच लिहायचं. मी उत्तर पाठवलं : ‘सहकार्य श्री. हेडाऊंचं नव्हे, वामनरावांचं होतं, तेही इंग्रजीपुरतं. सही तुमच्याजवळच ठेवा.’ इथले प्राध्यापक मला घेतात, पण नोंदणी पुन्हा नव्याने, म्हणजे दोन वर्षं गेली. जाऊ देत. आई म्हणते लग्न आणखी दोन वर्षं टळलं. तिच्या बोलण्यात राग कमी आणि ऐट जास्त आहे, असा मला संशय आहे.

एका नियतकालिकाने माझा लेख घेतला आहे, मराठीतच. निबंधाचं संपूर्ण गणित, तुमची नवी ओळ आणि सगळा इतिहास. मथळा दिला आहे, ‘वामनराव-अट : एका विणकराचे योगदान’. प्रूफ सोबत जोडते. तपासून लवकर पाठवा.

तुमची,
पुष्पलता

*

उमरेड
९ फेब्रुवारी १९७५

चि. पुष्पलता,

प्रूफ तपासलं. गणितात दोन चुका आहेत, समासात दुरुस्त केल्या. घाईत वजाबाकी करतेस, लहानपणी तशीच करायचीस.

तिसरी चूक मथळ्यात आहे. कृष्णकांतांचं ‘सहकार्य’ तू फेकून दिलंस, बरं केलंस. मग हे ‘योगदान’ कुठून आणलंस? दुसऱ्याच्या घरच्या कामाला आपण हात लावतो, त्याला योगदान म्हणतात. हे घर माझं होतं. आणि ‘एका विणकराचे’ म्हणजे कोणाचे? उमरेडला दोन हजार विणकर आहेत, मला नाव आहे. वामनरावांचं नाव त्या अटीवरून काढ. माझं घालू नकोस, ती कोणा एकाची नाही, भागीरथालाही ती ठाऊक होती. तिला नुसतं ‘दुहेरी कड’ म्हण. निबंधाच्या वर मात्र लिही : लेखक, नत्थू हेडाऊ. त्याखाली : संपादन आणि इतिहास, पुष्पलता. तुझी आईही यावर खूश आहे, मी विचारून आलो.

आणि एक तळटीप राहिली आहे. एकदा ती लिहिली नाही म्हणून तीस वर्षं गेली, आता राहू द्यायची नाही. दुहेरी कडेची अट जिथे पहिल्यांदा येते त्या ओळीवर खूण कर आणि पानाखाली माझ्या शब्दांत एवढंच छाप :

‘फणीच्या कडेच्या घरात दोन तार भरतात, नाहीतर कड फाटते.’

नत्थूमामा